वीस जणांनी पाहिलेली गाडी

त्या गाडीबद्दल मी निदान वीस जणांना विचारलं असेल. विचारताना मोजले नव्हते, नंतर बायकोनं बोटांवर मोजून दाखवले. गॅरेजवाले, दूधवाला, माझा मेव्हणा, शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे मुंबईचे एक निवृत्त साहेब. एकदा तर कडावला भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या गृहस्थालासुद्धा विचारलं. त्याचंही मत होतं. जुन्या गाडीबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

ही खोड मला नोकरीनं लावली. खोपोलीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथे तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा झाडू विकत घेता यायचा नाही. तीन कागद टाचून फाईलला लावले की माणूस सुटला. उद्या झाडूच्या काड्या गळाल्या तरी फाईल दाखवायची, आपल्यावर काही येत नाही. निवृत्त झालो तरी ते डोक्यातून गेलं नाही. मिक्सर घ्यायचा तर तीन दुकानं, दाढ काढायची तर तीन डॉक्टर. बायको म्हणायची, "लग्नाच्या टायमाला पण तीन मुली बघितल्या व्हत्या का?" बघितल्या होत्या, पण ते मी कधी कबूल केलं नाही.

गाडी हवी होती ती मुलीसाठी. आमचं घर कडावच्या बाहेर, शेतात आहे. डांबरी रस्ता सोडला की अर्धा किलोमीटर बांधाकडेची कच्ची वाट. उन्हाळ्यात दारापर्यंत रिक्षा येते. लावणीला ट्रॅक्टर फिरले की त्या वाटेचा रेंदा होतो आणि मग रिक्षावाले डांबरीवरूनच आम्हाला हात जोडतात. मुलगी पहिल्या वेळी बाळंतपणाला आली तेव्हा भाद्रपद होता. आठवा महिना लागला होता. दुपारी जेवणं झाल्यावर तिला रक्त जायला लागलं. माझ्याकडे गाडी नव्हती. मी फोन लावत सुटलो. गावातल्या डॉक्टरांना विचारलं, चुलतभावाला विचारलं, कर्जतला न्यावं की सरळ पनवेलला यावर दोघांशी बोललो, शेवटी मेव्हण्याची गाडी रसायनीहून निघाली. ती येईपर्यंत दीड तास गेला. कर्जतला पोचलो तेव्हा बाळाचे ठोके लागत नव्हते. मुलगा होता.

मला कोणी बोललं नाही. मुलगी नाही, जावई नाही, बायकोसुद्धा नाही. मी मात्र मनात एक वाक्य पक्कं करून ठेवलं: गाडी नव्हती. रात्रंदिवस तेच. दारात गाडी असती तर नातू अंगणात रांगत असता. ते वाक्य मला जगायला पुरत होतं, म्हणून मी ते कधी तपासून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा बातमी आली. तिचं सासर बदलापूरला, इमारतीत, लिफ्ट आहे, रस्त्यापलीकडे दवाखाना आहे. बायको म्हणाली, "या वेळेला तिला तिकडंच राहू द्या." मी ऐकलं नाही. बाळंतपण माहेरचंच, आणि आपल्या घरात एकदा जे झालं ते आपल्याच घरात पुसलं गेलं पाहिजे, असलं काहीबाही मी बोललो. जावयाच्या वडिलांना फोनवर म्हणालो, "या वेळी दारात गाडी असेल. शब्द देतो." तेव्हा वैशाख चालू होता. मुलगी आषाढात यायची होती.

चिखलातून चालेल, मला झेपेल आणि दुचाकीच्या आसपासच्या भावात मिळेल अशी एकच गाडी सापडली. चौक गावाच्या अलीकडे, खालापूर तालुक्यातल्या एका गावात, चौदा वर्षांची, आखूड, उभट, पोपटी रंग उडालेली एक छोटी जीप. कंपनीनं ती बनवायची केव्हाच बंद केलेली. आम्ही चौघे बघायला गेलो. मी, मेव्हणा, चुलतभाऊ आणि चुलतभावाच्या ओळखीचा एक ड्रायव्हर. मुलगी बघायला जावं तसेच. ओसरीवर बसलो, पाणी आलं, आणि मालकाच्या बायकोचं माहेर विचारता विचारता ती माझ्या मावशीच्या सासरच्या भावकीतली निघाली. झालं. चहाचे पोहे झाले, पोह्यांवर खोबरं आलं. आता नात्यातल्या माणसासमोर बोनेट उघडून वास कोण घेणार? मेव्हणा माझ्या कानात म्हणाला, "दाजी, आता घासाघीस बरी दिसत नाय." ज्या ड्रायव्हरला मुद्दाम नेलं होतं तो दुसऱ्यांदा पोहे घेत होता. मालक भला माणूस. म्हणाला, "घेऊन जा, चार दिस चालवा, पसंत पडली तर बघू." कोणीही शहाणा माणूस किल्ली घेऊन निघाला असता. मी म्हणालो, "घरी विचार करतो आणि कळवतो."

विचार म्हणजे विचारणं. सात आठवडे मी तेच केलं. कर्जतच्या चारफाट्यावरचा मिस्त्री मालकाकडे जाऊन गाडी पाहून आला आणि म्हणाला, "काका, इंजिन खणखणीत हाय. पण गाडी लहरी हाय. हिला आपल्या कलानं नाय घेता येत, तिच्या कलानं घ्यावं लागतं." मेव्हणा म्हणाला, पार्ट मिळायचे नाहीत, एक आरसा फुटला तर मुंबईचा भंगारबाजार पालथा घालावा लागेल. फार्महाऊसवाले साहेब फोटो बघून एकदम उभेच राहिले. ही गाडी शौकिनांची आहे, म्हणाले, तुम्ही घेणार नसाल तर मला सांगा, मी नुसती उभी करून ठेवीन. आमच्या शेजारचा दूधवाला, जो रोज सकाळी-दुपारी आपला टेंपो डांबरीवर उभा करून कॅन भरतो, तो म्हणाला, "हिच्यात माझे चार कॅन बी धड राहायचे नायत. पण चिखलात जाईल, ते खरं." अशा दोन मतांत मी अडकलो की आणखी तिसरं शोधायला निघायचो, आणि तिसऱ्यानं नवंच काहीतरी सांगितलं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

एक दिवस बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "ती गाडी सुरू व्हते का?"

"होते."

"चिखलातनं येते का?"

"येते म्हणतात."

"मग बंद पडली तर मी ढकलीन. घ्या."

ज्येष्ठ सरता सरता घेतली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोनं बोनेटवर स्वस्तिक काढलं. आता तिच्या लहरी सांगायच्या तर बऱ्याच आहेत. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरली तरी अर्धी, गाडी कोरडी पडून थांबली तरी अर्धीच. डावीकडे पूर्ण वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळे आमच्या वाटेवर वळताना डांबरीकडेची सगळी आळी बाहेर यायची. मागचं दार वर उघडत नाही, कपाटासारखं बाजूला उघडतं, आणि त्याच्यावर स्टेपनी टांगलेली असल्यानं उतारावर गाडी उभी केली तर दार उघडणाऱ्यालाच घेऊन जातं. चारही चाकांना जोर द्यायचा तर आतला दांडा ओढून भागत नाही. खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती आहे ती हातानं फिरवायची, परत चढायचं, मग दांडा. ही चकती चिखलात बुडायच्या आधी फिरवायची असते. एकदा रुतल्यावर कोपरापर्यंत हात घालून ती शोधताना मला हे समजलं.

पण ती यायची. मी खोटं बोलणार नाही. आषाढातल्या चिखलात, जिथे ट्रॅक्टरची चाकं खोल गेली होती तिथून ती पोपटी डबी हॉर्न वाजवत दारात यायची. मुलीला स्टेशनवरून मीच आणलं. ती पुढे बसली होती, एक हात पोटावर, एक हात वरच्या कडीला. म्हणाली, "बाबा, मस्त हाय रं ही!" लहानपणी ती मला अरेतुरे करायची, ते तेवढ्यापुरतं परत आलं. त्या दिवशी अंगणात गाडी उभी करून मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो. दिलेला शब्द पाळला होता.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग तिसऱ्या गिअरला गाडीखालून घूंऽ असा आवाज यायला लागला. चारफाट्याचा मिस्त्री म्हणाला बेअरिंग, सावकाश बदलू, घाई नाही. मला ते "घाई नाही" पटलं नाही. दुसऱ्याकडे गेलो. तो म्हणाला बेअरिंगचा काही संबंध नाही, शाफ्टचा जॉइंट आहे, चालवू नका. आता एक म्हणतो चालवा, एक म्हणतो चालवू नका. अशा वेळी मी काय करणार हे घरातल्या मांजरालाही सांगता आलं असतं. खोपोलीला आमच्या कारखान्याच्या गाड्या बघणारा जुना मिस्त्री होता. मंगळवारी सकाळी किल्ली घेतली तेव्हा बायको दारात आडवी उभी राहिली.

"आठवा चालू हाय तिचा. आवाज येतो तर येऊ दे. गाडी चालते ना?"

"ऐन वेळी बंद पडली तर? त्यापेक्षा आधी खात्री केलेली बरी. दोन तासांत येतो."

मुलगी खाटेवर बसून शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा शेंगांकडे पाहिलं.

खोपोलीच्या मिस्त्रीनं गाडी खालून बघायला खड्ड्यावर घेतली. बारा वाजायच्या सुमाराला तिचा शाफ्ट काढून गोणपाटावर ठेवला होता आणि तो मला त्यातली झीज दाखवत होता, तेवढ्यात फोन वाजला. बायको. "पाणी गेलं तिचं. या."

मला अजून ते गोणपाट दिसतं. माझ्या तोंडून काय निघालं ते मी इथे लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, "थांबा. हलू नका. मी मेव्हण्याला विचारतो, त्याची गाडी रसायनीहून निघते का बघतो, तोवर..." पलीकडे फोन कोणीतरी ओढून घेतल्याचा आवाज आला. मुलगी. ती धापा टाकत होती. "बाबा, कुणाला काय विचारू नका," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मी परत लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मिस्त्री हातातला पाना घेऊन माझ्याकडे बघत होता. मी त्याला विचारलं, "मोटरसायकलनं जाऊ, का शाफ्ट बसवेपर्यंत थांबू?" तो बिचारा गोंधळला. "काका, ते मी कसं सांगू?" त्याची मोटरसायकल तिथेच, माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. मी थांबलो. गाडी या दिवसासाठीच घेतली होती, ती सोडून हात हलवत कसा जाऊ, असं वाटलं. पाऊण तास मी त्या खड्ड्याच्या काठावर एका टायरवर बसून होतो आणि मिस्त्रीला लवकर, लवकर म्हणत होतो. खाली तो एकेक नट आवळत होता आणि माझ्या डोक्यात दोन वर्षांपूर्वीची दुपार घुमत होती. देवा, पुन्हा नको, एवढंच मी म्हणत होतो.

घरी काय झालं ते नंतर कळलं. फोन ठेवून मुलगी तशीच उठली. आईचा खांदा धरला आणि अर्धा किलोमीटर चिखलातून चालत निघाली. चपला रुतून बसल्या त्या तिथेच सोडल्या. दुपारचा दुधाचा टेंपो डांबरीवर कॅन भरत होता. तिनं दूधवाल्याला फक्त "कर्जत" म्हटलं. त्यानं भरलेले कॅन रस्त्याच्या कडेला उतरवले आणि दोघींना पुढे घेतलं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात ती मोकळी झाली. मुलगी झाली.

मी पोचलो तेव्हा माझी गाडी मुळीच आवाज करत नव्हती. दवाखान्याच्या आवारात डावीकडे वळवली आणि हॉर्न वाजला, तशी एक नर्स धावत बाहेर आली आणि माझ्यावर ओरडली.

बाळ जिवंत होतं. पण फार लहान होतं आणि त्याचा श्वास भरभर चालला होता. छाती आत ओढली जात होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे काचेची पेटी आहे, पण हिला पनवेलला मोठ्या ठिकाणी हलवायला हवं. ॲम्ब्युलन्स खाली उभी आहे. जावई बदलापूरहून निघाला होता, वाटेत होता. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "आजोबा ना तुम्ही? सही करा. आत्ता हलवलेलं बरं."

मी विचारलं, "हलवताना काही झालं तर?"

"इथे ठेवूनही होऊ शकतं. मी म्हणते हलवा."

सगळं स्पष्ट होतं. शिकलेली बाई समोर उभी राहून सांगत होती. मी कागद घेतला. आणि खाली पाहिलं तर माझ्या दुसऱ्या हातात फोन होता, मेव्हण्याचा नंबर लागलेला होता, आणि आतून त्याचा आवाज येत होता, "हॅलो दाजी, बोला." तो नंबर मी कधी लावला ते मला खरंच आठवत नाही.

मुलगी खाटेवर पडून हे सगळं बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाय घोट्यांपर्यंत चिखलानं माखलेले तसेच होते, पुसायला कोणाला वेळ झाला नव्हता. तिनं हात पुढे केला. "इकडं द्या." मी कागद दिला. आईनं तिला पाठीमागून आधार दिला आणि तिनं सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. बाळाला माझ्या समोरून नेलं. एवढंसं कापडात गुंडाळलेलं, तोंडाला नळी. मी उठून उभा राहिलो, पण पुढे झालो नाही. आपण पुढे झालो तर काहीतरी बिघडेल, अशी धास्ती मला त्या क्षणी बसली आणि ती अजून गेलेली नाही.

तीन आठवडे नात पनवेलला पेटीत होती आणि मुलगी तिच्यापाशी. मी रोज पनवेलला जायचो, खाली गाडीत बसून राहायचो आणि संध्याकाळी परतायचो. बायको वर जायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं की आता आईचं दूध प्यायला लागली, वजन धरतेय, शुक्रवारी सोडणार. गुरुवारी मी गाडी आतून-बाहेरून धुतली. मागच्या सीटवर गोधडी दुहेरी करून घातली, खिडकीला पडदा लावला. सव्वा महिना तरी बाळंतीण माहेरीच राहणार, म्हणून बायकोनं डिंकाचे लाडू केले होते. मी वाटेवर दोन ट्रॉल्या खडी टाकून घेतली. कोणाला न विचारता टाकली, हे सांगायला नको, पण सांगतो.

शुक्रवारी दवाखान्याच्या दारात माझ्या गाडीच्या पुढे एक भाड्याची पांढरी गाडी उभी होती. जावई सामान तिच्यात ठेवत होता. मी म्हणालो, "अहो, आपली गाडी आहे ना." त्यानं मुलीकडे बघितलं. ती पायऱ्या उतरून आली, नात छातीशी. बायको मागे डब्यांची पिशवी घेऊन उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिला हे आधीच माहीत होतं.

"घरी नाय येत मी," मुलगी म्हणाली. "बदलापूरला जाते."

"का गं? गाडी आहे आता. आवाजसुद्धा गेला तिचा. वाटेवर खडी टाकलीय."

तिनं बाळाच्या डोक्यावरचं कापड नीट केलं. आवाज चढवला नाही. "बाबा, पहिल्या वेळेला पण दुधाचा टेंपो उभा व्हता डांबरीवर. तो काका दारात येऊन सांगत व्हता, बसवा तिला, मी नेतो. तुमी त्याला बोललात, थांब, चांगली गाडी येते. मी खाटेवरनं ऐकलं."

मला आठवलं. दोन वर्षं आठवलं नव्हतं, ते तिथे पायऱ्यांखाली सगळं आठवलं, दूधवाल्याच्या ओल्या शर्टासकट. गाडी होती. मी मुलीला थांबवून ठेवलं होतं.

"मला तुमच्यावर राग नाय," ती म्हणाली. "तुमी चांगले हाव. पण मला तुमच्याकडं राहायची भीती वाटते."

ती गाडीत बसली. मी खिडकीपाशी गेलो. आत नात झोपली होती, मूठ तोंडाशी. तिला मी तोपर्यंत एकदाही हात लावला नव्हता. मी विचारलं, "मग कधी येशील?"

"ते मी ठरवीन, बाबा."

जावयानं माझ्या पायाला हात लावून नमस्कार केला, पुढे बसला आणि दार ओढून घेतलं.